वेळ का पुरत नाही? नियोजनामागची कारणं, सोप्या भाषेत

वेळेच्या नियोजनाचा विषय निघाला की बहुतेक जण आधी पहाटे पाचच्या गजराबद्दल बोलतात. लवकर उठा, कामांची यादी करा, मोबाईल लांब ठेवा. सल्ले वाईट नाहीत. पण ते का उपयोगी पडतात आणि कुठे पडत नाहीत, हे फारसं कोणी समजावून सांगत नाही. मग यादी चार दिवस टिकते, पाचव्या दिवशी पाहुणे येतात किंवा कारखान्यात ओव्हरटाइम लागतो, आणि माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. स्वतःला आळशी म्हणवणारे कितीतरी जण सकाळपासून रात्रीपर्यंत राबत असतात. वेळेच्या बाबतीत माणसाचं मन काही ठरावीक ठिकाणी फसतं. ती ठिकाणं ओळखता आली तर स्वतःला दोष देण्यात जाणारी शक्ती तरी वाचेल, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. २०२१ साली कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी वेळेच्या नियोजनावरचे दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. नियोजन करणाऱ्यांचं कामही बरं होतं आणि विद्यार्थी असतील तर गुणही बरे मिळतात, असं त्यात दिसलं. पण कामातल्या फायद्यापेक्षा जास्त ठळक संबंध दिसला तो आयुष्याबद्दलच्या समाधानाशी. दिवसात जास्त कामं कोंबता यावीत म्हणून नियोजन करायचं, ही समजूत त्यामुळे बाजूला ठेवायला हवी. आपला दिवस आपल्या हातात आहे असं वाटणं, हीच यातली मोठी कमाई आहे. पुढचं सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे.

अंदाज नेहमी कमीच का पडतो

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एका चुकीला नाव दिलं. तिला आपण नियोजनाचा भ्रम म्हणू. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना माणूस जवळजवळ नेहमीच कमी वेळ धरतो. आधी तसंच काम करताना उशीर झाला होता हे माहीत असूनही धरतो.

काहनेमन यांचा स्वतःचा अनुभव यासाठी ऐकण्यासारखा आहे. इस्राएलमधल्या शाळांसाठी निर्णय कसे घ्यावेत या विषयाचं एक पाठ्यपुस्तक तयार करण्याचं काम त्यांच्या गटाकडे होतं. काम सुरू होऊन बरेच महिने झाल्यावर त्यांनी सगळ्यांना विचारलं, अजून किती वेळ लागेल? उत्तरं दीड ते अडीच वर्षांच्या मध्ये आली. मग गटातल्या अभ्यासक्रमाच्या तज्ज्ञाला त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. असं काम हाती घेतलेले दुसरे गट तुम्ही पाहिले आहेत, त्यांना किती वेळ लागला? तज्ज्ञ थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की त्यांतल्या सुमारे चाळीस टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. या तज्ज्ञाने स्वतः थोड्या वेळापूर्वी दीड ते अडीच वर्षांचाच आकडा दिला होता. माहिती त्याच्याकडे होती, पण स्वतःच्या कामाचा विचार करताना ती त्याच्या मनात आलीच नाही. पुस्तक शेवटी आठ वर्षांनी झालं, आणि तोवर ते वापरण्याचा उत्साह ओसरून गेला होता.

१९९४ साली कॅनडातच विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास हेच दाखवतो. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला. सगळं काही शक्य तितकं वाईट झालं तर किती दिवस लागतील, असंही त्यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर सरासरी ४९ दिवस आलं. प्रत्यक्षात लागले ५५ दिवस. म्हणजे सगळ्यात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला. ठरवलेल्या वेळेत पुरं करणारे जेमतेम तीस टक्के होते.

असं होतं कारण अंदाज करताना आपण कामाचं चित्र मनात रंगवतो, आणि त्या चित्रात फक्त काम असतं. नाशिकमध्ये इंदिरानगरहून कॉलेज रोडला वीस मिनिटांत पोचू असं आपण म्हणतो, तेव्हा मनातल्या रस्त्यावर मुंबई नाक्याची गर्दी नसते, पार्किंग शोधावं लागत नाही, हेल्मेट विसरलं म्हणून परत जिना चढावा लागत नाही. यातली प्रत्येक अडचण एकटी घेतली तर क्वचितच येणारी असते. पण रोज त्यातली एखादी येतेच. मागच्या वेळी उशीर झाला तो पाहुण्यांमुळे, त्याआधी पावसामुळे, असं प्रत्येक वेळी वेगळं कारण असल्यामुळे आपण तो उशीर अपवाद समजून विसरतो.

यावरचा उपाय आपल्या जिल्ह्यात फार जुना आहे. माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्यांना बागेबद्दल विचारलं तर ते तारीख सांगत नाहीत, छाटणीपासूनचा दिवस सांगतात. ऑक्टोबर छाटणी झाली की मोजणी सुरू. डोळे कधी फुटणार, फुलोरा कधी येणार, मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवायचे, म्हणजे डिपिंग, कधी, मणी विरळायला बायका कधी बोलवायच्या, मण्यात पाणी कधी उतरणार, हे सगळं त्या मोजणीवर चालतं. जातीप्रमाणे आणि थंडीप्रमाणे चार-आठ दिवस पुढेमागे होतात, पण मामा त्यांच्या इच्छेवरून अंदाज करत नाहीत. मागच्या हंगामांच्या वह्या त्यांच्याकडे असतात. निर्यातीच्या बागेला तर फवारणीची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे कोणत्या दिवशी काय केलं हे लिहिलेलं सापडतं. काहनेमन यांच्या तज्ज्ञाने शेवटी जे केलं, तेच आमच्याकडचा बागायतदार आधी करतो. हे काम कसं होईल याचा विचार करण्यापूर्वी अशी कामं आजवर कशी झाली ते तो पाहतो.

घरातल्या आणि ऑफिसातल्या कामांसाठी एवढी मोठी वही लागत नाही. एक आठवडा पुरतो. सकाळी महत्त्वाच्या दोन-तीन कामांपुढे किती वेळ लागेल ते लिहा, आणि काम झाल्यावर शेजारी किती लागला ते लिहा. पुढच्या आठवड्यात तुमच्याजवळ स्वतःचा गुणाकार असेल. कोणाला सव्वापट वेळ लागतो, कोणाला दुप्पट. हा आकडा लपवायचा नाही की त्याची लाज वाटून घ्यायची नाही. दुप्पट लागत असेल तर दुप्पट धरा, आणि तेवढ्याच कामांना हो म्हणा.

ज्या कामांची तारीख कोणाच्याच हातात नसते, त्यांच्यासाठी उलट्या बाजूने मोजावं लागतं. नाशिककरांना याचं सगळ्यात मोठं उदाहरण वेगळं सांगायला नको. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ कुंभमेळा भरणार. २०१५ मध्ये भरला, आता २०२६-२७ चा आहे. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधली स्नानं पुलाचं काम राहिलं म्हणून पुढे ढकलता येत नाहीत. घरातलं लग्न, दहावीची परीक्षा, विवरणपत्र भरण्याची मुदत ही सगळी याच जातीची कामं. त्यांच्यात आजपासून पुढे न मोजता त्या दिवसापासून मागे यायचं, आणि प्रत्येक टप्प्याला आपला गुणाकार लावायचा. तसं केलं की काम कधी सुरू करायला हवं होतं ते कळतं, आणि ती तारीख बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्याच्या बरीच आधीची निघते.

अर्धवट काम डोक्यात का घोळतं

१९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने एक निरीक्षण मांडलं. पूर्ण झालेल्या कामांपेक्षा मध्येच तोडलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. तिचे आकडे पुढे सगळ्याच प्रयोगांत जुळले नाहीत, पण अर्धवट गोष्ट मन सोडत नाही हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. भाजी चिरताना विमा भरायचा राहिला हे आठवतं, आणि विम्याचा फॉर्म उघडला की मुलाच्या वहीला कव्हर घालायचं राहिलं हे आठवतं.

यात मला सगळ्यात उपयोगी वाटणारा शोध २०११ सालचा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी दाखवलं की मनातली ही टोचणी थांबायला काम पूर्ण व्हावं लागत नाही. ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी मन शांत होतं. मनाला काम संपल्याची खात्री नको असते, ते विसरलं जाणार नाही एवढा भरवसा त्याला पुरतो. झोप न येणाऱ्या रात्री उठून उद्याचं लिहून काढल्यावर झोप लागते, त्याचं कारण बहुधा हेच.

पण लिहायचं कसं, हेही महत्त्वाचं. ‘आईचे डोळे तपासायचे’ असं लिहून चालत नाही. ती इच्छा झाली. ‘बुधवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की सातपूरहून निघण्याआधी दवाखान्यात फोन करून नंबर लावायचा’ असं लिहिलं तर ते नियोजन. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तर वाक्यांवर आयुष्यभर काम केलं. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरनने ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अमुक झालं की तमुक करीन असं ठरवणाऱ्यांची कामं पार पडण्याचं प्रमाण चांगलंच वाढलेलं दिसलं. कारण साधं आहे. आठवण ठेवण्याचं काम तुम्ही शिफ्ट सुटण्याच्या भोंग्यावर सोपवलेलं असतं. त्या क्षणी इच्छाशक्ती गोळा करावी लागत नाही.

याच्याच शेजारी आणखी एक गोष्ट आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेलं तरी लक्षाचा एक भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो, आणि दुसरं काम त्यामुळे खालावतं. व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये पाण्याच्या टँकरवरून वाद चालू आहे, तो फक्त वाचून तुम्ही हिशोबाकडे परत आलात तर हिशोबात अर्धेच आलात. पाहायला दहा सेकंद लागले असतील, पण नुकसान दहा सेकंदांचं नाही.

आता मोबाईल बंद ठेवा हे सांगणं सोपं आहे, पण ज्याचं मेन रोडला दुकान आहे, जी नर्स आहे, ज्या घरात लहान मूल आहे, त्यांनी काय करायचं? त्यांचं कामच मुळी मध्येमध्ये तुटणारं आहे. त्यांच्यासाठी लेरॉय यांनीच पुढे एक उपाय तपासला. कोणी मध्येच बोलावलं तर उठण्याआधी अर्धा मिनिट घेऊन एवढंच लिहा की मी कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. ‘मार्चची बिलं झाली, एप्रिलपासून पुढे.’ अशी चिठ्ठी लिहिलेल्यांचं लक्ष मधल्या कामात जास्त चांगलं लागलं. मला हा उपाय फार आवडतो, कारण तो माणसाच्या परिस्थितीला दोष देत नाही.

ज्यांना सलग बसता येतं त्यांनी २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर समोर ठेवून ती सुरू केली, आणि तिचं नावच टोमॅटो पडलं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट मोजणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. २५ हा आकडा मात्र पवित्र नाही. सुरुवात करायची भीती वाटते अशा कामाला तो चांगला, कारण २५ मिनिटं कोणीही सोसू शकतं. एकदा हात बसला की तासभर बसा.

तातडीचं आणि महत्त्वाचं

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ सालच्या एका भाषणात तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न असा फरक सांगितला होता. त्यावरून पुढे काम तातडीचं आहे का आणि महत्त्वाचं आहे का हे पाहून कामं चार चौकटींत वाटणारा तक्ता निघाला, तो तुम्ही पाहिलाच असेल. तक्ता समजायला सोपा आहे, वापरायला अवघड. का, ते २०१८ सालच्या एका अभ्यासातून कळतं. लोकांसमोर दोन कामं ठेवली. एकाचा मोबदला जास्त, पण मुदत लांबची. दुसऱ्याचा मोबदला कमी, पण मुदत जवळची. दोन्ही कामं तेवढीच सोपी होती, तरी बऱ्याच जणांनी जवळच्या मुदतीचं, कमी मोबदल्याचं काम उचललं. घड्याळ टिकटिकत असल्याची जाणीवच आपल्याला ओढते. निवडताना मोबदल्याकडे मुद्दाम लक्ष वेधलं तेव्हा ही ओढ कमी झाली. म्हणून सकाळी यादी करताना प्रत्येक कामापुढे ‘हे झालं तर काय मिळेल’ हे दोन शब्दांत लिहिलं तर बरीचशी तातडीची कामं आपोआप खाली सरकतात.

मुदत फारच सैल असली तर उलटा त्रास होतो. ब्रिटिश इतिहासकार नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलं की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगत जातं. त्यांनी उदाहरण दिलं ते भाचीला पोस्टकार्ड लिहिणाऱ्या एका निवांत आजीबाईंचं. कार्ड शोधायचं, चष्मा शोधायचा, पत्ता शोधायचा, मजकूर जुळवायचा आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नाही हे ठरवायचं, यात त्यांचा अख्खा दिवस जातो. ज्या कामाला शेवट नाही, त्याला आपण शेवट द्यावा लागतो. कपाट आवरणं हे न संपणारं काम आहे. अकरा वाजेपर्यंत वरचे दोन कप्पे, हे संपणारं आहे.

पण या सगळ्यापेक्षा कठीण असतं ते नको म्हणणं. इथे मला पुन्हा बाग आठवते. द्राक्षाच्या घडातले चांगले, हिरवेगार मणी विरळणीत काढून टाकतात, कारण सगळे ठेवले तर एकही नीट फुगत नाही. काढलेले मणी वाईट नसतात, म्हणूनच पहिल्यांदा विरळणी करणाऱ्याचा हात थांबतो. सोसायटीची कमिटी, भिशी, मित्राच्या मुलाच्या बारशाची जबाबदारी, नवा ऑनलाइन कोर्स, यातलं काहीच वाईट नसतं. गुणाकार लावून आठवडा मांडला की किती मणी राहू शकतात ते दिसतं, आणि मग कोणाला काय सांगायचं तेही सोपं जातं. ‘दादा, या महिन्यात नाही जमणार, पुढच्या महिन्यात करतो’ एवढं आधीच सांगितलं तर माणसं तुटत नाहीत. हो म्हणून ऐनवेळी न आल्यावर तुटतात.

शरीराचं घड्याळ

हा भाग थोडक्यात, पण वगळून चालणार नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी सुस्ती फक्त जेवणाची नसते. शरीराच्या दिवसभराच्या लयीतच तेव्हा एक उतार असतो, जेवण टाळलं तरी तो जाणवतो. त्या वेळात फायली लावणं, फोन करणं, वीज बिल भरणं असली कामं ठेवा. डोकं लावायचं काम ज्याच्या त्याच्या चांगल्या वेळेत. कोणाची ती पहाट असते, कोणाची रात्री दहानंतरची. उशिरा जागणारे बिघडलेले नसतात, माणसांच्या लयी जन्मतः थोड्या वेगळ्या असतात. पहाटे पाचचा गजर सगळ्यांना लावणं म्हणूनच बरोबर नाही.

झोप कापून वेळ काढण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. १९९७ सालच्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हालचाल रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अंबडला थर्ड शिफ्टवर जाण्याआधी दिवसभर घरची कामं उरकणारा, किंवा सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडण्यासाठी पाचच्या आत उठणारा आणि रात्री उशिरा घरी टेकणारा पासधारक, हे लोक शहराच्या रस्त्यांवर दुचाकीही चालवतात. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. दिवस मांडताना ते सात तास आधी लिहायचे आणि उरलेल्यात बाकीचं बसवायचं. शिफ्टमुळे ते सलग मिळत नसतील तर घरच्यांनी दुपारच्या झोपेलाही तेवढाच मान द्यावा. दुपारी झोपलेल्या कामगाराला उठवून गॅस सिलेंडर आणायला पाठवणं थांबलं पाहिजे.

घरातला वेळ कोणाचा

वेळेचे सल्ले वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. ते अशा माणसासाठी लिहिलेले असतात ज्याचा चहा कोणीतरी करून देतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणाऱ्यांचं प्रमाण बायकांमध्ये सुमारे ८१ टक्के, पुरुषांमध्ये २६ टक्के. ज्या बाईचे पाच तास असे आधीच गेले, तिला पहाटे पाचला उठून स्वतःसाठी वेळ काढ म्हणणं हा सल्ला नव्हे.

इथे उपाय वैयक्तिक नाही, घराचा आहे. ‘मी मदत करतो’ यात जबाबदारी तिच्याकडेच राहते. काय संपलं, कधी आणायचं, कोणाला सांगायचं हे लक्षात ठेवणं हे सगळ्यात थकवणारं काम असतं, आणि ते मिनिटांत नीट मोजलंही जात नाही. म्हणून काम पूर्णच्या पूर्ण द्यावं. किराणा नवऱ्याकडे असेल तर डाळ संपली हे कळण्यापासून ती डब्यात भरेपर्यंत सगळं त्याचं. मुलांच्या शाळेचा ग्रुप बाबांच्या मोबाईलवर असेल तर चित्रकलेचा कागद उद्या लागणार हे बाबांना माहीत हवं. सुरुवातीला चुका होतील, डाळ दोनदा येईल. तेवढं चालवून घ्यावं.

जिथे परवडतं तिथे वेळ विकत घेण्याबद्दलही मनात अपराध ठेवू नये. २०१७ साली अनेक देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली, आणि कॅनडात एक छोटा प्रयोगही झाला. चाळीस डॉलर वस्तूंवर खर्च केले त्यापेक्षा वेळ वाचवणाऱ्या गोष्टीवर खर्च केले तेव्हा लोक जास्त आनंदी होते. आपल्याकडे पोळी-भाजी केंद्रातून आणलेल्या दहा पोळ्या हे त्याचंच रूप. फक्त एक लक्षात ठेवायला हवं की तुमचा वाचलेला तास कोणाच्या तरी तासातून आलेला असतो. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या घरीही पाच तासांचं काम वाट बघत असतं. त्यांना चांगला पगार, ठरलेली सुट्टी आणि ‘आज जरा उशिरा या’ हा निरोप आदल्या दिवशी देणं, हाही वेळेच्या नियोजनाचाच भाग आहे.

मोकळा वेळ किती आणि कसा

मोकळा वेळ जितका जास्त तितकं सुख जास्त, असं वाटतं. २०२१ साली अमेरिकेतल्या मोठ्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात तसं दिसलं नाही. दिवसाला साधारण दोन तासांपेक्षा कमी मोकळा वेळ असलेले लोक ताणाखाली होते. पाच तासांच्या वर गेल्यावर समाधान पुन्हा घसरू लागलं, कारण आपला काही उपयोग नाही असं वाटायला लागतं. तो जास्तीचा वेळ माणसांत किंवा एखाद्या छंदात गेला तर मात्र ही घसरण फारशी दिसत नव्हती. नुकत्याच निवृत्त झालेल्यांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. नोटप्रेसमध्ये किंवा बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढून घरी बसलेल्या माणसाची पहिल्या वर्षातली चिडचिड ही स्वभावाची नसते. त्याला सावानातलं (सार्वजनिक वाचनालयातलं) वाचन, सकाळी बागेतला गट, मे महिन्यात गोदाकाठची वसंत व्याख्यानमाला, मुक्त विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम, असं काहीतरी ठरलेलं हवं असतं.

बाकीच्यांसाठी प्रश्न उलटा आहे. दोन तासही मिळत नाहीत, म्हणून ते कॅलेंडरमध्ये टाकावेत का? इथे एक सावधगिरी हवी. टोनिएटो आणि मालकॉक या दोन संशोधिकांनी २०१६ साली दाखवलं की करमणुकीला नेमकी वेळ दिली की ती कामासारखी वाटू लागते आणि तिचा आनंद घटतो. साडेपाचला मैत्रिणीबरोबर कॉफी असं लिहिलं की पाच वाजल्यापासून घड्याळाकडे लक्ष जातं. त्यांनी सुचवलेला मार्ग असा की ठरवायचं, पण ढोबळ. ‘संध्याकाळी काम उरकलं की भेटू’ एवढं ठरवलेल्यांना न ठरवता भेटलेल्यांइतकाच आनंद मिळाला.

कामाला घट्ट वेळ आणि विरंगुळ्याला सैल वेळ हा फरक मी आता माझ्या आठवड्यात पाळते. रविवारी सकाळी मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला जायचं हे ठरलेलं असतं, किती वाजता ते नसतं. पावसाळ्यात पांडवलेणी चढायची तर ‘शनिवारी उजाडल्यावर’ एवढं पुरतं. कालिदास कलामंदिरात नाटक असेल तर पडद्याची वेळ ठरलेली असते आणि तिथे उशीर करून चालत नाही, म्हणून त्या दिवशी दुसरं काहीच वेळेला बांधायचं नाही. नाटक सुटल्यावर जेवायला कुठे जायचं हे बाहेर पायऱ्यांवर उभं राहून ठरवायचं.